जिभेवरची बधिर जागा

माझ्या नवऱ्याच्या जिभेला उजव्या कडेला तिखट लागायचं बंद झालं, तेव्हा कारखान्यात सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

आमच्याकडे जगभरची तिखटं बनतात. एका खोलीत लसूण आणि तेल घालून वाटलेली लाल चटणी, दुसरीत सोयाबीनच्या पिठात महिनोन्महिने मुरणारी मिरची, पलीकडे धुरावर वाळवलेल्या मिरच्यांचं भरड कूट. शेवटच्या खोलीत व्हिनेगरमधला पातळ सॉस, त्याच्या बाटल्यांना झाकणं लावायला मी. हे सगळं जिथे खातात ते देश आमच्यापैकी कुणी पाहिलेले नाहीत. पण माल जमला की बिघडला, ते माझा नवरा सांगायचा. तो चाखणारा.

चाखायचं म्हणजे थेंब जिभेवर ठेवायचा, थुंकायचं, दुधाचा घोट घ्यायचा, मग पुढचा थेंब. जहाल सॉसपुढे भल्याभल्यांची जीभ लगेच हात टेकते, मीठ-आंबट काही कळेनासं होतं. नवऱ्याने त्यावर युक्ती काढली. थेंब त्या बधिर जागेवर ठेवायचा आणि तिथून थोडाथोडा बाकीच्या जिभेवर पसरू द्यायचा. मालक म्हणाले, ही देणगी आहे, लाखात एखाद्याला मिळते. सगळे त्याला दगड्या म्हणू लागले आणि सगळ्यात जहाल माल त्याच्याकडे यायला लागला. घरी येऊन तो मला जीभ काढून दाखवायचा. एवढा घोडा झाला तरी पोरकटपणा जात नव्हता.

त्या जागेवर पांढरा चट्टा होता. मी बोट लावून पाहिलं तर खाली कडक लागलं. डॉक्टरला दाखव म्हटलं, तर म्हणे कारखान्यात तोंड आलेलं नाही असा माणूस दाखव. तेही खरंच होतं. पुढे त्याचा कान ठणकायला लागला. हा कानात कापूस घालून कामावर. मग मात्र मी आकाशपाताळ एक केलं आणि त्याला ओढतच नेलं.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. तिखटाने झाला का, ते सांगता येणार नाही म्हणाले. पण कॅन्सरनेच तिथली नस खाल्ली होती, म्हणून जागा बधिर. मानेत अजून काही पसरलेलं नव्हतं. अर्धी जीभ आत्ताच काढली तर माणूस वाचण्याची आशा होती.

घरी आल्यावर तो चपला काढता काढता म्हणाला, "अर्धी जीभ घेऊन मी कोण?"

"माझा नवरा," मी म्हटलं. "जिवंत नवरा."

त्याने हातातल्या ऑर्डरचं निमित्त काढलं. नवा सॉस जमू दे, मग बघू. मालक भेटायला आले, तेही म्हणाले, घाई कशाला, दुसऱ्या डॉक्टरला विचारा. दुसऱ्या डॉक्टरची काळजी नव्हती त्यांना, सॉसची होती. मी त्यांना चहासुद्धा न विचारता दार दाखवलं. दुसऱ्या दिवशी नवरा त्यांच्याच दारात हजर. मी भांडले, रडले, अबोला धरला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सॉस जमला, बाटल्यांत भरला, त्याची झाकणंही मीच लावली. मग दुसरी ऑर्डर आली. मला त्याचा इतका राग यायचा, की त्याचं ताट मी आदळूनच ठेवायचे.

मानेत गाठ आली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, चल.

डॉक्टरांनी मान चाचपली, फोटो पाहिले, परत मान चाचपली. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं त्यांनी आमच्या दोघांसमोर सांगितलं. दुखण्यावरची औषधं लिहून दिली.

बाहेर बाकावर तो मटकन बसला. तोवर त्याचं बोलणं जड झालं होतं, माझ्याशिवाय कुणाला कळत नसे. त्याने माझा हात धरला.

"बघ," तो म्हणाला, "जीभ वाचली."

याला काहीच कळलं नाही की काय, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याला सगळं कळलं होतं. इतके महिने मनात साठवलेलं किती बोलायचं होतं मला.

"हो," मी म्हटलं, "वाचली." आणि रुमालाने त्याची हनुवटी पुसली.