लाली उतरवणारा लेप

टायरच्या दुकानावरच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पंखे बंद. वाऱ्याने म्हणे लेपातली शक्ती उडून जाते. माणसं घामाने निथळली तरी चालतील. समोर खुर्चीत लेपवाले बाबा, आणि त्यांच्या पुढ्यात लाँड्रीवाल्याची बायको बाही वर करून बसलेली. तिच्या दंडावर लिंबाएवढी गाठ होती आणि तिच्यावरची कातडी लालभडक.

"कॅन्सर म्हणजे काय? तापलेलं रक्त," बाबा म्हणाले. "डॉक्टर कापतो, आम्ही निववतो. तापलेल्या तव्याला कोणी कापतं का?"

प्रश्नाला शेंडा ना बुडखा, पण आवाज भारदस्त होता. अर्ध्या हॉलने मान डोलावली. बाबांनी लेप चोपडला, डोळे मिटले, ओठ पुटपुटले. बऱ्याच वेळाने ओल्या फडक्याने पुसून बघतात तर लाली गायब, कातडी पांढरीफटक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाँड्रीवाला तर रडलाच.

त्याला तरी किती बोल लावायचा? आयुष्यभर त्याने एकच परीक्षा केली होती. धुतलेला कपडा खिडकीच्या उजेडात धरायचा, आधी सरळ, मग तिरका. डाग दिसला नाही की घडी घालायची. घरी आल्यावर त्याने बायकोचा दंडही तसाच खिडकीपाशी धरला. सर्जनबाईंनी तिला ऑपरेशनची तारीख दिली होती. "गाठ अजून एकाच जागी आहे, आत्ता काढली तर हातही वाचेल आणि तुम्हीही," असं समजावूनही सांगितलं होतं. त्याने फोन करून तारीख रद्द केली.

बाबांनी घरी लावायला लेपाची डबी दिली होती. लावला की लाली जायची, पण संध्याकाळपर्यंत परत यायची. त्यावरही बाबांचं उत्तर तयार होतं: "रोग जाताना मागे वळून बघतो. लावत राहा." तो लावत राहिला. पुढे बायकोला खोकला लागला, जिना चढताना धाप लागू लागली. हवा बदलली असेल, असं दोघं एकमेकांना सांगत राहिले.

मग एक दिवस इस्त्रीच्या वाफेने त्याचं मनगट भाजलं, लाल झालं. नुकताच बायकोला लेप लावून तो कामावर आला होता. बोटं नीट पुसलेली नव्हती. मनगट चोळलं, आणि जरा वेळाने बघतो तर त्या लालीवर त्याच्याच बोटांचे पांढरे ठसे. त्याने मनगट खिडकीच्या उजेडात धरलं, आधी सरळ, मग तिरकं. त्याच्या मनगटात कुठं कॅन्सर होता?

डबी खिशात घालून आणि बायकोला घेऊन तो सर्जनबाईंकडे गेला. डबीतला थोडा लेप तपासायला गेला, बायकोच्या छातीचा फोटो निघाला. रिपोर्ट आल्यावर बाई त्याच्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला खुर्ची दिली.

"रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं, कोटाला असतं तसं," त्या म्हणाल्या. "जखम झाली की त्या पेशी नवीन वाहिन्या तयार करतात, जखम भरली की थांबतात. कॅन्सरची गाठ त्यांना जखम नसताना हाका मारते. त्या बिचाऱ्या रस्ते बांधत सुटतात. त्याच रस्त्यांनी गाठीला अन्न पोचतं, आणि त्याच रस्त्यांनी तिच्या पेशी शरीरभर जातात. यांच्या फुप्फुसांत पोचल्यात."

"आणि लेप?"

"नाक चोंदलं की थेंब टाकतो ना, त्या जातीचं औषध मलमात घोटलंय. वरवरच्या वाहिन्या काही तास आकसतात आणि कातडी पांढरी पडते. माझी पडेल, तुमची पडेल. खालच्या गाठीला त्याचा पत्ताही नसतो."

"आता ऑपरेशन?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्रास कमी करता येईल, म्हणाल्या.

वॉर्डात त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती त्याच्या मनगटावर हात ठेवून ऐकत राहिली.

"मला माहीत होतं, अहो," ती म्हणाली. "रंग तुम्ही बघत होता. गाठ मला हाताला लागत होती ना. वाढतच होती."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही किती खूश होता."

तिच्या पांघरुणात तोंड खुपसून तो हमसून हमसून रडला. ती धाप खात त्याच्या केसांतून हात फिरवत होती. मग म्हणाली, "माझ्यापाशी बसून काय होणार? तिथल्या लोकांना जाऊन सांगा."

तो गेला. हॉल तसाच भरलेला. एक बाप तरुण मुलीला घेऊन पुढे बसला होता. तिच्या पोटरीवर गाठ होती. लाँड्रीवाल्याने सगळ्यांसमोर आपलं मनगट घासून लाल केलं, डबीतला लेप फासला आणि उभा राहिला. बाबांनी त्याला हुसकावायला माणसं पुढे केली, पण लोकांना बघायचं होतं. थोड्या वेळाने त्याने लेप पुसला. मनगट पांढरं पडलं होतं.

"मला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "आणि हा लेप मलाही बरं करतो. रंग गेला म्हणजे रोग गेला नाही. विचारा यांना, गाठ कुठं गेली? मापून दाखवा म्हणा. नाही दाखवली तर उठा आणि दवाखान्यात जा. आजच जा."

"तुम्ही ते लाँड्रीवाले ना? तुमच्या बायकोला तर गुण आला होता ना?" मुलीच्या बापाने विचारलं. "आम्ही तेच ऐकून आलो."

"ती मरतेय," लाँड्रीवाला म्हणाला. "तिनेच पाठवलंय मला."

बापाने मुलीची सलवार पोटरीवरून खाली ओढली, तिला हाताला धरून उठवलं आणि दोघं जिना उतरू लागले.