हातभर फिल्म

मी एका सिनेमाची प्रत बोलतेय. सात पत्र्याच्या डब्यांत मावणारी, आता आखडलेली, आंबूस वासाची. पोस्टरवर माझं नाव चांगलं लांबलचक होतं, पण लोक मला 'तुरुंगवाल्या बायकांचा पिक्चर' एवढंच म्हणायचे.

माझा जन्म मनिलातला. अठरा दिवसांत सगळं चित्रण उरकलं. बायका तुरुंग फोडतात, जंगलात पळतात, पहारेकऱ्यांची मुंडकी उडवतात. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. तरी दुपारी तीनच्या खेळाला थिएटर भरायचं. साहेबाची बोलणी खाऊन आलेली माणसं घामाघूम होऊन ती मुंडकी उडताना बघायची आणि हलकी होऊन बाहेर पडायची. मला त्याचा अभिमान वाटायचा.

सर्वांत जास्त शिट्ट्या एका उडीला पडत. नायिका छपरावरून स्वतःला झोकून देते. ती नायिका नव्हतीच. लाल केसांचा टोप आणि फाटका झगा घातलेला, तिच्या जागी उड्या मारणारा फाउस्तो होता तो. त्याला झेलायला खाली रचलेली खोकी कमी पडली. फाउस्तो उठला नाही. दिग्दर्शकाने उडी तशीच ठेवली.

त्याची बायको मिलाग्रोस रोज तीनच्या खेळाला यायची आणि उडीच्या आधी उठून जायची. महिनाभराने एकदा ती जिना चढून प्रोजेक्टरच्या खोलीत आली.

"काका, उडीआधी तो मागे वळून हसतो ना, तेवढं मला कापून द्या."

मला चालवणारा म्हातारा क्रिसांतो चपापला. "अगं, मालक हाकलून देईल मला. घरी फोटो नाही का त्याचा?"

"आहे की. लग्नातला. उसना कोट घालून, दाढ दुखत असल्यासारखा उभा आहे." ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "इथे बाईच्या सोंगात आहे मेला, पण माझा वाटतो."

क्रिसांतोने दाराला आतून कडी लावली. मग त्याने कात्री घेतली. मला दुखलं, खोटं कशाला सांगू? हातभर पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने तिच्या हातात दिली आणि माझी दोन टोकं जोडून टाकली.

तीनच्या खेळाला तो श्वास रोखून उभा होता. पडद्यावर फाउस्तो छपरावर आला, आणि लगेच हवेत. मधलं वळणं नाही, हसणं नाही. शिट्ट्या मात्र अगदी वेळेवर पडल्या. कुणीतरी ओरडलं, "पुन्हा दाखव!"

नोकरी वाचली होती. पण क्रिसांतो मटकन स्टुलावर बसला. "एकालाही कळलं नाही," तो पुटपुटला.

मिलाग्रोस पुन्हा आली नाही. पुढे थिएटर बंद पडलं, क्रिसांतोही गेला. कित्येक वर्षं मी एका गोदामात उकडत पडले होते. आता मला जुने सिनेमे जपणाऱ्यांनी थंड खोलीत ठेवलंय. माझ्यावर जीव टाकणारी तरुण मंडळी दुरून येतात, माझी पोस्टरं शर्टांवर छापून मिरवतात. परवा त्यांच्यातली एक मुलगी मला तपासताना थबकली. "इथे काहीतरी कापलंय रे."

"पडणं शाबूत आहे ना?" शेजारचा म्हणाला. "मग झालं."

मी आता फार दिवसांची नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाच्या जुन्या पेटीत हातभर फिल्म सापडली, आणि उजेडात धरल्यावर लाल केसांचा एक माणूस हसताना दिसला, तर ती मला आणून जोडू नका. ती आहे तिथेच राहू द्या.