देवीच्या गालावरची झीज

माणसांचे फोटो नवे करून देणं हा माझा धंदा. फाटलेला, वाळवीने खाल्लेला, पुरात भिजलेला, कसाही फोटो आणा, मी कॉम्प्युटरवर त्याला कान, डोळे आणि गरज पडली तर कोटसुद्धा चढवून देतो. बनारसच्या सोनारपुऱ्यातल्या ज्या दुकानात मी बसतो, त्याचा मालक विश्वजीत गिऱ्हाइकांना सांगतो, "रत्नाकर भइया मुर्दे में जान डाल देते हैं." त्यामुळे शरददादाने पुण्याहून फोनवर जे सांगितलं, ते त्याच्या दृष्टीने अगदीच किरकोळ काम होतं.

"आपल्या देवीचा टाक पार झिजलाय," दादा म्हणाला. "वीणा म्हणते, झिजलेला देव पूजेत ठेवू नये. आईच्या वर्षश्राद्धाला येईन तेव्हा बाकीचे देव इकडे घेऊन येतो. देवीचा नवा टाक करून घेऊ, जुना गंगेत सोडू. तू फक्त तिचं चित्र काढून ठेव. स्वच्छ, नाकडोळ्यांसकट. सोनाराला दाखवायला."

"आणि मी?" असं विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "बरं."

जन्मभर मी 'बरं'च म्हणत आलोय. दादा शिकायला पुण्याला गेला तेव्हा बरं. वडील गेल्यावर आईजवळ कोण राहणार हे मला न विचारता ठरलं, तेव्हाही बरं. लग्न राहून गेलं, त्यालाही बरं. आता एकट्या पुरुषाच्या घरात देवांची आबाळ होते, असं वीणावहिनीचं म्हणणं. होत असेल. पण मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्या दोन खोल्यांत सकाळी उठून मी ज्यांच्याशी चार शब्द बोलतो, ते तेवढेच. बाकीचे देव गेले तर जावोत, देवी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. आईच्या हातात ती रोज असायची.

देव घासायला बसली की आई देवघराचं दार लावून घ्यायची. देवघर कसलं, एक कोनाडा आणि बसायपुरती जागा. पण आत गेली की कडी लागायची. आम्ही समजायचो, सोवळं. ह्या एका बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे. एरवी सगळं ऐकलेलं होतं. मूळची ती डावखुरी. लग्न होऊन बनारसला आली आणि आजीने हळदीकुंकवापासून पोळीपर्यंत सगळं उजव्यावर आणलं. डावा हात पुढे झाला की आजी नुसतं "उजवा!" म्हणायची. हे मला आजीनेच कौतुकाने सांगितलेलं. मी कळता झालो तोवर आईचा डावा हात मांडीवर गप्प बसायला शिकला होता.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी चित्राला बसलो. चांदीचा तो टाक स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला, तर पडद्यावर आला एक काळा डबरा आणि मधे पांढरा भपका. चांदी आरशाच्या जातीची, समोर आलेला उजेड ती भलतीकडेच फेकते. मग टाक खिडकीत ठेवून, त्याच्याकडे बघत माउसने रंगवणं आलं. साबणाची वडी हातात धरून अक्षर गिरवावं, तसलं काम.

आधी मी चांदी राखाडी रंगवली. ती सिमेंटची दिसली. दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की चांदीला स्वतःचा रंगच नाही. वरच्या बाजूला खिडकीतलं आभाळ, खाली विश्वजीतच्या गल्ल्यावरचं लाल कापड, मधे माझ्या शर्टाची काळपट सावली. हे सगळं भरलं आणि चांदी झाली. मग म्हातारपण आणायला बसलो. वेगळ्या लेअरवर बारीक ब्रशने खाचांत काळं भरलं, उंच कडांना उजळ केलं, आणि सगळीकडे हौसेने ओरखडे ओढले. लाईट जाण्याआधी घाईघाईने विश्वजीतला बोलावलं.

"भइया," तो म्हणाला, "पुरानी तो लग रही है, पर झूठी पुरानी."

मला राग आला, कारण ते खरं होतं. झीज सगळीकडे होत नाही. हात पोचतो तिथेच होते. देवीच्या मुकुटाच्या खाचा अजून शाबूत होत्या, आणि तोंड मात्र गुळगुळीत, आंघोळ घातलेल्या तान्ह्या मुलाच्या पाठीसारखं. मी ओरखडे पुसून टाकले आणि फक्त गालावर, खांद्यावर नवे काढले. अंगठा जसा फिरेल तसे, खालच्या उजव्या कोपऱ्यातून वर डावीकडे जाणारे.

तरी खोटंच. आता मात्र मी भिंग काढलं आणि टाक डोळ्याशी नेला.

ओरखडे उलटे होते. सगळेच्या सगळे, केसासारखे बारीक, खालून डावीकडून वर उजवीकडे गेलेले. त्यांना छेदून गेलेले काही मोजके, नवे, मी चित्रात काढले होते त्याच तिरकेपणाचे. ते माझेच, आई गेल्यापासूनचे. पण खालचे जुने कुणाचे? वाटलं, आई टाक उलटा धरत असेल. फिरवून पाहिला. उलटा धरला तरी तिरकी रेघ तशीच तिरकी राहते. मग सहज, काही न ठरवता, मी टाक उजव्या हातात घेतला आणि डावा अंगठा देवीच्या गालावर टेकवला.

तो खळग्यात जाऊन बसला.

मला आधी हसू आलं. मग खुर्चीत बसूनच रडू आलं, आणि विश्वजीत समोर चहा ठेवून गेला. आई सोवळ्यासाठी दार लावत नव्हती. सगळ्या दिवसात तेवढा एकच वेळ तिचा डावा हात तिचा असायचा. राख घेऊन, पुढे दंतमंजन घेऊन, ती देवीचा गाल आपल्या खऱ्या हाताने चोळत बसायची. आजी वारल्यावरही दार लावतच होती. आणि दाराच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर मी होतो. मला एकदा जरी सांगितलं असतं!

त्यानंतर चित्र आपसूक झालं. चेहरा मी काढला नाही. गुळगुळीत गाल, त्यावर डाव्या अंगठ्याची उजळ वाट, एवढंच काढलं.

दादा श्राद्धाला आला, एकटाच. मी म्हटलं, "जरा आराम कर, चाय बनवतो." तर म्हणे, "बनवतो काय रे, करतो म्हण." विधी झाल्यावर मी चित्राची छापील प्रत पुढे ठेवली. त्याने ती लांब धरली, जवळ धरली.

"ह्यात चेहरा कुठाय?"

"चेहरा नाहीच, दादा." मी त्याला ओरखडे दाखवले, सगळं सांगितलं.

"काहीतरीच," दादा म्हणाला. "आई उजवी होती. मला उजव्या हातानेच वाढायची." मग माझ्याकडे बघून जरा मऊ झाला. "असू दे. सोनाराकडे तयार साचे असतात. चित्राचं अडत नाही."

आईला आतून ओळखणारी माणसं आता जगात आम्ही दोघंच, आणि त्यातला एक म्हणत होता, उजवी होती. मला तेव्हा जेवढं एकटं वाटलं तेवढं ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पंचगंगा घाटावर गर्दी होती, म्हणून आम्ही भोसले घाटावर गेलो. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. दादाने टाकाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि टाक माझ्याकडे दिला. "तू सोड. तुझ्याच हातात होती."

मी पाण्याशी वाकलो. डाव्या हातात टाक कधी आला ते मलाच कळलं नाही. अंगठा आपल्या जागी जाऊन बसला होता.

"उजवा!" मागून दादा म्हणाला.

अगदी आजीसारखा म्हणाला. मी सरळ झालो आणि मूठ मिटली.

"नाही सोडत."

"म्हणजे? अरे, झिजलेला देव... वीणाला काय सांगू मी?"

"सांग, रत्नाकरने दिली नाही."

दादाने माझ्या मुठीकडे पाहिलं. ओढून घेईल असं वाटलं. मग म्हणाला, "चल, गाडीची वेळ होईल." बाकीचे देव त्याने रेशमी फडक्यात बांधून नेले. स्टेशनवर निरोप घेताना त्याने माझा डावा हात हातात घेतला, बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि डब्यात चढला.

कोनाड्यात आता देवी एकटीच आहे. सकाळी तिला घासायला बसतो तेव्हा टाक उजव्या हातात धरतो. डाव्या अंगठ्याला अजून सवय नाही, दंतमंजन मांडीवर सांडतं. घरात कुणी नाही, कुणी यायचंही नाही. तरी बसण्याआधी दाराला कडी लावतो.