सासरी सुखाने नांदत आहे

त्या दिवशी सकाळी ताई खिडकीपाशी बसून शाळेच्या गणवेशांना काजं करत होत्या. गल्लीत सगळे त्यांना ताईच म्हणत. आई लवकर गेली तेव्हा धाकट्या भावाला त्यांनी वाढवलं. पुढे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा ते जाईपर्यंत बारा वर्षं त्यांचं सगळं केलं. या धबडग्यात त्यांचं लग्न राहून गेलं, आणि ते राहून गेलं हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

"ताई, ऊठ. ओळखपत्र घे बरोबर," भाऊ दारातूनच म्हणाला. "दोन सह्यांचं काम आहे."

"कसल्या रे?"

"वर मजला चढवायचाय ना? घरावर दोघांची नावं असली की परवानगी अडते. तू तुझं नाव काढून घे. कागदापुरतं."

"आणि मी?"

"तू कुठे चाललीस? ही खोली तुझीच. मी काय परका आहे?"

ताईंनी दाताने दोरा तोडला आणि उठल्या. जास्त विचारलं तर भावावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. बहिणींना असं वाटावं, याची सोय आपण फार आधीपासून करून ठेवलेली आहे.

नोंदणी कार्यालयाच्या जिन्याखाली दस्त टाइप करणाऱ्या बाईंचं टेबल होतं. हक्कसोड पत्राचा त्यांचा नमुना तयारच असे. नाव, वय, घराच्या हद्दी बदलल्या की काम झालं. मजकुरावरून नजर फिरवताना बाई चौथ्या ओळीशी थबकल्या. तिथे लिहिलं होतं, 'माझा विवाह झाला असून मी सासरी सुखाने नांदत आहे, सबब मला या मिळकतीची गरज नाही.'

"सासर कुठलं तुमचं?" बाईंनी विचारलं.

ताई ओशाळून हसल्या. "लग्न नाही झालं माझं."

"मग ही ओळ..."

"असू द्या हो," भाऊ घड्याळ बघत म्हणाला. "सगळ्याच बहिणींच्या कागदात असते ना ती? कोण वाचतंय!"

मागे रांग वाढली होती. बाईंनी छापायचं बटण दाबलं.

आत साहेबांनी मान वर न करता विचारलं, "स्वखुशीने सोडताय ना?" भाऊच "हो" म्हणाला. ताईंनी मान डोलावली. फोटोसाठी चष्मा काढायला लावला तेव्हा त्या सवयीने हसल्या. तो हसरा फोटो दस्तावर छापला गेला.

आठ महिन्यांत मजला चढला. मग खालच्या, रस्त्याकडच्या खोलीला दुकानासाठी मागणी येऊ लागली. भाऊ तसा वाईट नव्हता. काही दिवस त्याने ताईंच्या नजरेला नजर दिली नाही, आणि एके सकाळी तो सहीचा कागद दाखवला. आधी शिलाई मशीन बाहेर आलं, मागून ट्रंक.

त्यानंतर एका दुपारी ताई जिन्याखालच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. केस नीट विंचरलेले, हातात तोच कागद.

"बाई, हा तुम्हीच लिहिलात ना?"

"हो."

"भाऊ म्हणतो, तू सासरी नांदतेस असं लेखी आहे, तिकडे जा. पण पत्ता कुठे दिसत नाही. तुमच्याकडे असेल तर तेवढा द्या."

बाईंना आधी हा टोमणा वाटला. मग त्यांनी ताईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. ताई खरोखरच पत्त्याची वाट बघत होत्या.

बाई उठल्या. त्यांनी ताईंना आपल्या खुर्चीत बसवलं आणि ओळखीच्या वकिलाकडे नेलं. वकील दस्त चाळून म्हणाला, "सही यांची, फोटोत हसताहेत, साहेबांनी विचारलंही होतं. कठीण आहे." ताई आता निराधार बायकांच्या वसतिगृहात असतात. येईल त्याला पत्ता विचारतात.

ताई पत्ता विचारायला आल्या त्याच दिवशी बाईंनी नमुन्यातली चौथी ओळ काढून टाकली. आता त्या भावांना बाहेर उभं करतात आणि प्रत्येक बहिणीला अख्खा दस्त मोठ्याने वाचून दाखवतात. रांग कुरकुरते, गिऱ्हाईक पलीकडच्या टेबलाकडे जातं. जाऊ दे, असं बाई म्हणतात. गेल्या आठवड्यात एका मुलीने शेवटपर्यंत ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "नाही करत मी सही."

वाचकहो, तुमच्याही कपाटात असा एखादा दस्त असेल. तो काढून वाचा. आणि त्यावर जिचा फोटो आहे, ती आज कुठे राहते, ते एकदा स्वतः जाऊन बघून या.