उकंडरावांच्या दातांची खूण

मित्रांनो, मी एक जुना माउथपीस आहे. वरातीच्या बॅन्डमध्ये तुम्ही सॅक्सोफोन पाहिला असेल. पितळेचा, पिवळाधमक, खाली वाकून पुन्हा वर वळलेला. त्याच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा जो काळा तुकडा वादक तोंडात धरतो, तो मी. माझ्या पोटाशी बोरूची पातळ पत्ती बांधतात. फुंकर बसली की पत्ती थरथरते आणि मग सॅक्सोफोन बोलतो.

मला स्वतःचा आवाज नाही. ज्याला आवाज नाही त्याने आपली कहाणी सांगावी का, हा प्रश्न मला फार दिवस छळत आला आहे. तुम्हाला कंटाळा आला तर मला वाईट वाटणार नाही. पण सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. मी कडक रबराचा. नागपूरच्या एका दुकानातून मी मंगरूळपीरला आलो आणि उकंडराव वस्तादांच्या ओठी लागलो. उकंडराव आसेगावचे. दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि लगनसराईत बॅन्डमध्ये वाजवायचे. त्यांचे दात मोठे मजबूत होते. वरचा सूर लावताना ते मला असे घट्ट धरत की वर्षानुवर्षांत माझ्या पाठीवर दोन खळगे पडले. मला त्या खळग्यांची लाज वाटायची. वस्ताद मात्र वाजवून झालं की पत्ती सोडायचे, मला धोतराच्या सोग्याने आतून-बाहेरून पुसायचे आणि म्हणायचे, "लय सोसलं रे तू माह्यं."

वस्ताद थकले तेव्हा त्यांनी मला आपल्या शिष्याच्या, देवमनच्या हाती दिलं. देवमनने मला चांगली दहा-बारा वर्षं वाजवलं. मग दुष्काळ आला. लग्नं साधेपणाने उरकू लागली, बॅन्डला कोणी बोलावेना. चौऱ्याहत्तर साली पुन्हा लगनसराई भरात आली, तेव्हा बॅन्डचे मालक गुलाबसिंग मास्तर कुठूनसा एक नवा माउथपीस घेऊन आले. धातूचा, आरशासारखा चकचकीत.

आमच्याकडे बाजारात मडकं घेताना बोटाने टिचकी मारून पाहतात. खणखणलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं. गुलाबसिंग मास्तरांनी आम्हा दोघांना तसंच वाजवून पाहिलं.

"हा पाह्य देवमन, कसा टणटण बोलते! अन् हा तुया? जसं ओलं मडकं. वरून उंदरानं कुरतडल्यावानी."

"मास्तर, पण हा वस्तादाचा हाय."

"वस्ताद गेले. वरातीत आता मोठा आवाज लागते गड्या."

देवमन भिडस्त माणूस. त्याने नवा माउथपीस सॅक्सोफोनला बसवला आणि मला घरी घेऊन आला.

त्याची बायको पंचफुला. तिने मला नरसाळं समजून बाटलीच्या तोंडात खोचलं आणि वरून जवसाचं तेल ओतलं. पण माझ्या पोटाशी पत्तीसाठी खिडकीसारखी फट आहे. सगळं तेल तिथून तिच्या पायावर आलं. "अवो, हे तं काहीच कामाचं नाही!" ती म्हणाली. शेवटी तिने मला दाराजवळच्या खुंटीच्या टोकावर टोपणासारखं बसवलं. त्या खुंटीवर देवमनचा, फक्त सूर धरणाऱ्याला मिळणारा, बॅन्डचा लाल कोट असायचा. खुंटीची ढलपी त्याला फाडायची, ती आता फाडेना. मित्रांनो, खरं सांगतो, त्या कोटाच्या उबेत मी रडलो असतो, पण रडायलाही फुंकर लागते.

त्याच सुमारास देवमनचे वरचे पुढचे दात हलू लागले आणि एकामागून एक पडले. त्याने कवळी बसवून घेतली. धातूच्या गुळगुळीत माउथपीसवर ती कवळी घसरे. त्याच्या टोकाशी पत्तीखालची फटही मोठी, तिला जोरकस दम लागे. देवमन जोर करी तशी कवळी सुटे आणि सॅक्सोफोन चिरका ओरडे.

एका वरातीत तो असा ओरडला की नवरदेवाची घोडी बिथरली. ढोलवाला जगदेव सगळ्यांदेखत म्हणाला, "देवमनदादा, दात सांभाय! नवरदेवाच्या पायात पडतीन." वऱ्हाडी पोट धरून हसले.

गुलाबसिंग मास्तर हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "परवा मालेगावचं लग्न हाय. उद्या कोट आणून दे. तुले खुळखुळा देतो. त्याले दात लागत नाहीत."

देवमन घरी येऊन हे सगळं बोलला. इतकी वर्षं ज्याने सूर धरला, त्याने आता खुळखुळा हलवत वरातीच्या मागे चालायचं! सकाळी पंचफुलाने कोटाची निघालेली गुंडी लावून दिली. "द्याचाच हाय तं नीट द्या," ती म्हणाली.

देवमनने खुंटीवरचा कोट ओढला. कोटाबरोबर मीही निघून आलो आणि शेणाने सारवलेल्या भुईवर पडलो.

त्याने मला उचललं, बाहीने पुसलं. पत्ती बांधली, सॅक्सोफोनला बसवलं. केवळ आठवण म्हणून ओठी धरलं असावं. आणि मित्रांनो, त्याच्या कवळीची कड थेट वस्तादांच्या खळग्यात जाऊन बसली. हलेना की घसरेना. माझी टोकाची फट लहान, त्यामुळे त्याचा उरलेला दमही तिला पुरला.

सूर निघाला. मोठा नव्हता. मऊ होता, थोडा घोगरा.

चुलीपाशी बसलेली पंचफुला वळली नाही. "थांबले काहून?" एवढंच म्हणाली. "वाजवा ना."

मग कोट द्यायला गेलेला देवमन कोट घालूनच गेला. गुलाबसिंग मास्तरांनी मला पाहिलं आणि सवयीने बोट उचललं. देवमन म्हणाला, "टिचकी नका मारू, मास्तर. आयका."

मास्तरांनी ऐकलं. बराच वेळ मान खाली घालून ऐकलं. "आवाज लहान हाय," ते म्हणाले. "वरातीत कोणाले जाईन का आयकू?"

"वरातीत नाही जाणार," देवमनने कबूल केलं. "पण पोरगी निघते तवा?"

मास्तरांनी कोट मागितलाच नाही.

मालेगावच्या वरातीत मी ढोलांखाली बुडून गेलो, हे मी लपवत नाही. जगदेवने तर विचारलं, "दादा, वाजवून राह्यला का चघळून राह्यला?" पण लग्न लागलं, जेवणं झाली आणि नवरी निघाली. तिची आई गाडीचा दांडा सोडेना. तेव्हा देवमनने सूर लावला. कवळीची कड खळग्यात, वस्तादांची जागा, देवमनचा श्वास. गुलाबसिंग मास्तरांनी मागे वळून हात वर केला.

"ए जगदेव, थांब! ढोल बंद कर. देवमनचं आयकू दे."

ढोल थांबले. नवरीच्या आईने दांडा सोडला आणि पदर डोळ्यांना लावला. गाडी हलली, वळणाआड गेली तरी देवमन वाजवत होता.

मित्रांनो, धातूचा तो माउथपीस वाईट नव्हता. चांगल्या दातांच्या, भरल्या छातीच्या एखाद्या गड्याजवळ तो सुखात असेल. पण माउथपीस निवडायचा तर तो टिचकीने वाजवून निवडू नका. आपल्या ओठांना, आपल्या दातांना, आपल्या दमाला विचारा. आणि निवडल्यावर त्याला पुसत जा, उन्हात टाकू नका. तेल तर मुळीच ओतू नका.

आता खुंटीवर दुसरं काहीतरी टोपण आहे. मी बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर असतो. निजण्याआधी देवमन मला पुसून तिथे ठेवतो आणि माझ्या शेजारी, पाण्याच्या वाटीत, आपली कवळी. आम्ही दोघं एकमेकांशी फार बोलत नाही. बोलायला आम्हा दोघांना देवमन लागतो.