ओतून टाकलेलं पाणी

"एक डोळा मिटू नकोस. दोन्ही उघडे ठेवून बघ," ताई म्हणाली.

धाकटा भाऊ सूक्ष्मदर्शकावर वाकला. धंद्याने तो न्हावी. वर्षभर हात थरथरत होते, त्यामुळे दुकानात आता त्याच्याकडे गिऱ्हाइकांचे केस धुण्याचं कामच उरलं होतं. रविवारी प्रयोगशाळेत कोणी नसतं म्हणून ताईने त्याला तिथे ओढून आणलं होतं. आता दारू सोडलीस तर वाचशील, असं डॉक्टरांचं सांगून झालं होतं, बायकोचं रडून झालं होतं. एकदा डोळ्यांनी बघू दे, असं ताईच्या मनाने घेतलं.

ताईची नोकरीच यकृताच्या पेशी वाढवण्याची. चपट्या ताटलीत पेशी सोडायच्या, वर लालसर पोषक पाणी घालायचं, त्यात रोज मोजून मद्यार्क मिसळायचा आणि किती वाढल्या, किती मेल्या ते पाहायचं.

"म्हणजे पाजायचं तू आणि बोलणी खायची मी," तो म्हणाला.

ताईला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

"ही ताटली आठवडाभर पितेय. वर निळा रंग टाकलाय. मेलेली पेशी तो आत घेते, निळी होते. जिवंत पेशी त्याला दारात उभं करत नाही. मोज निळ्या किती ते."

तो बराच वेळ वाकून राहिला.

"एक. ही दुसरी. बाकी सगळ्या पांढऱ्या आहेत की गं."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. आठवडाभर पिऊन मजेत आहेत." तो सरळ झाला. त्याचा चेहरा किती तरी दिवसांनी खुलला होता. "डॉक्टर उगाच घाबरवतात."

ताईने स्वतः पाहिलं आणि चूक तिच्या ध्यानात आली. हाताच्या सवयीने तिने रंग टाकण्याआधी जुनं पाणी ओतून ताटली दोनदा धुतली होती. पेशी मेली की तळ सोडते, पाण्यावर तरंगते. मेलेल्या सगळ्या सांडपाण्याच्या बाटलीत गेल्या होत्या. तळाला धरून होत्या त्या तेवढ्या वाचलेल्या.

"अरे, मेलेल्या मीच ओतून टाकल्यात. मधल्या रिकाम्या जागा बघ, तिथे होत्या त्या. एरवी यकृत कापलं तरी भरून येतं. पण दारू चालू असली की उरलेल्या वाढायचंच विसरतात."

"आता सारवासारव करू नकोस, ताई," तो हसत म्हणाला आणि शीळ घालत जिना उतरला.

पुढचं वर्ष त्याने पुरं केलं नाही. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या. इस्पितळात एका दुपारी त्याने तिचा हात धरला.

"ताई, त्या पांढऱ्या असतील ना गं अजून थोड्या?"

"आहेत," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार होती?

तो गेल्यानंतर ती कामावर आली, त्या सकाळी ताटल्यांचं पाणी बदलायचं होतं. पहिली ताटली तिने बाटलीवर तिरकी धरली आणि हात थांबला. तिने ती खिडकीच्या उजेडात नेली. लालसर पाण्यात पिठासारखं काही तरंगत होतं. इतकी वर्षं हे तिने न बघता ओतलं होतं.

तिने त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला, रंग टाकला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. सगळ्या निळ्या होत्या.