राणीचं कार्ड आणि विनीबाईंची दोन वर्षं

टेंटर स्ट्रीटवर माझ्या शब्दाला किंमत नाही, आणि ती मी मोठ्या कष्टानं घालवलेली आहे. १९६७ साली साताऱ्याहून विलायतेत, लँकाशायरातल्या या गिरणगावात आलो, तेव्हा चहाच्या सुट्टीत गप्प बसणाऱ्याला कोणी हिंग लावून विचारत नसे. म्हणून एके दिवशी सांगून टाकलं, की राणीच्या आजोबांचा दिल्लीला दरबार भरला तेव्हा माझ्या आजोबांच्या हत्तीनं एका लाटसाहेबाची पिसांची टोपी खाल्ली आणि पुढं तीन दिवस हत्ती शिंकत होता. आजोबांकडे एक म्हैस होती, तीही अर्धलीनं, निम्मी दुसऱ्याची. पण हत्ती चालला. पंचावन्न वर्षं चालला. दर वर्षी त्याचे सुळे बोटभर वाढत गेले.

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती विनिफ्रेड एन्टविसल या बाईनं. माझ्या शेजारचे चार माग तिचे. मागांच्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नसे, म्हणून आम्ही सगळे नुसत्या ओठांनी बोलायचो. आवाज नाही, फक्त तोंडाचे आकार. विनीबाईंनी हत्तीची गोष्ट ओठांवरून वाचली आणि ओठांनीच मला सांगितलं, "थापाड्या." तेव्हापासून आमचं जमलं. पुढं घरंही शेजारी शेजारी झाली, मधे एक भिंत. त्यांचा नवरा वॉल्टर गेला, गिरणी बंद पडली, मी पेन्शनीत निघालो, तरी भिंतीवर काठीचे तीन ठोके पडले की मी जायचं, हे ठरलेलं.

दोन हजार बावीसच्या सप्टेंबरातल्या त्या गुरुवारी रेडिओवर राणी गेल्याचं कळलं तेव्हा मी चहा करत होतो. माझे वडील बेचाळीस साली याच घराण्याच्या तुरुंगात नऊ महिने बसले होते, आणि मी इथं किटलीशेजारी उभा राहून डोळे पुसत होतो. वडील असते तर म्हणाले असते, "गाढवा, कुणासाठी?" मला नीट सांगता आलं नसतं. मी या देशात आलो त्याच वर्षी तिकिटावर तिचं ते एका बाजूचं तोंड आलं. आईला पत्र पाठवताना मी त्याच्या पाठीला जीभ लावायचो. राणीशी माझा एवढाच काय तो घरोबा. तिकिटावर ती शेवटपर्यंत चाळिशीची राहिली. नाण्यांवर मात्र दर काही वर्षांनी म्हातारी होत गेली. गाल उतरले, मान जड झाली. माझंही तेच चाललं होतं. गावाकडच्या देवाच्या मूर्ती आहेत तशाच राहतात, आपण तेवढे पिकतो. सोबतीनं म्हातारी होणारी मूर्ती मी ही एकच पाहिली.

दुसऱ्या दिवशी मॉरीन क्लेग माझ्या दारात. मॉरीन म्हणजे आमच्या गल्लीची कुणीही न निवडलेली महापौर.

"पाच आठवडे," ती म्हणाली. "बारा ऑक्टोबरला विनीमावशीला शंभर पूर्ण. पाच आठवडे कळ काढली असती राणीनं, तर कार्ड तिचं आलं असतं."

इथं शंभरी गाठणाऱ्याला राजवाड्यातून कार्ड येतं. गल्लीत आजवर कुणाला आलं नव्हतं.

"आता राजाचं येईल," मी म्हणालो.

"त्याचं काय कौतुक? नोकरीला लागून दोन दिवस झाले नाहीत. बरं, सोमवारी मी त्या सरकारी ऑफिसात फोन करून विचारते. उगाच घोळ नको."

ती गेली, आणि भिंतीवर तीन ठोके पडले.

विनीबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मांडीवर राज्याभिषेकाच्या वर्षीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर तरुण राणी, रंग उडालेली.

"मॉरीनला फोन करू द्यायचा नाही, पोरा." मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, पण त्यांच्या लेखी पोरच.

"का?"

"कार्ड येऊन गेलं."

डब्यातून जाड पाकीट निघालं. आत कार्ड, कडेला सोनेरी गोफ, वर निळ्या पोशाखातली हसरी राणी, खाली सही. तारीख होती बारा ऑक्टोबर दोन हजार वीस.

"म्हणजे विनीबाई, तुम्ही..."

"एकशे दोन होईन. बोटं मोजत बसू नकोस."

मग त्यांनी सांगितलं. वॉल्टर एकवीस सालचा, त्या वीसच्या. वॉल्टरच्या आईची शपथ होती, की मुलापेक्षा मोठी सून उंबऱ्याच्या आत येणार नाही. विनीबाईंनी लग्नाच्या नोंदवहीत दोन वर्षं खाली ठेवली आणि परत उचलली नाहीत. सत्तेचाळीस वर्षं संसार झाला. वॉल्टर गेला तेव्हा थडग्याच्या दगडावर दोघांची नावं एकदमच कोरून घेतली. त्यांच्या नावापुढं १९२२, एक रेघ, आणि पुढं मोकळी जागा.

"आता खरं सांगितलं तर तो दगड खोटा पडतो," त्या म्हणाल्या. "आणि बिचाऱ्या वॉल्टरचं मेल्यावर गल्लीत हसं व्हायचं."

"मग डब्यातच राहू द्या."

त्यांनी कार्डावरून अंगठा फिरवला. "हे आलं तेव्हा टाळेबंदी. दारात माणूस नाही. मी एकटीनं शेरी घेतली, कार्ड शेकोटीवरच्या फळीवर उभं केलं, संध्याकाळी काढून ठेवलं. तिचं आणि माझं लग्न एकाच वर्षी झालं, माहितेय? माझा केक वरून पुठ्ठ्याचा होता. लढाईनंतरचं रेशन, साखर कुठं होती तेव्हा? नंतर सगळं तिच्या बरोबरीनं केलं मी. ती रोज हसून कामावर गेली, मीही गेले. एक दिवस माणसांनी हे बघावं, एवढंच."

"दोन्ही कसं जमायचं?"

"तिला वर्षाला दोन वाढदिवस चालतात, एक खरा, एक सरकारी. तिकिटावर पन्नास वर्षं चाळिशीची राहिली, कुणी तक्रार केली? मी दोनच काढली."

मी चहा संपेपर्यंत विचार केला. मग उठून मॉरीनकडे गेलो आणि म्हणालो, "कार्डाचा फॉर्म मी भरतो. तू फोन करू नकोस."

"तू? तुझ्या भरवशावर?"

"राजवाड्याशी आमचं जुनं नातं आहे."

"हत्तीमार्गे," मॉरीन म्हणाली. पण सँडविच, केक आणि खुर्च्यांची जमवाजमव तिच्याच गळ्यात होती, म्हणून तिनं सोडून दिलं.

बारा तारखेला दुपारी विनीबाईंच्या पुढच्या खोलीत गल्ली दाटीवाटीनं बसली. अंड्याचे सँडविच, आल्याचा केक, क्रीम घातलेला ट्रायफल. फळीवर शेजाऱ्यांची कार्डं, आणि मधोमध ते. मॉरीन बशी घेऊन तिथवर पोचली आणि थांबली.

"ही तर राणी आहे."

खोली वळली. मॉरीननं चष्मा लावला. "विनीमावशी, हे आलं कुठून? आणि तारीख काय ही? दोन हजार वीस?"

विनीबाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला.

"मी बनवलं," मी म्हणालो.

"काय?"

"फॉर्म मी पाठवलाच नाही. त्यांना राजाचं नको होतं. मग बसलो आणि केलं. वर्ष चुकलं, चष्मा घरी राहिला होता."

"मेल्या, राणीची सही खोटी केलीस?"

"अजून तरी तिच्याकडून तक्रार आलेली नाही."

मॉरीन कार्डाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि तिनं बशी खाली ठेवून रुमाल काढला. "थापाड्या ते थापाड्याच," ती नाक पुसत म्हणाली. "पण काय जीव ओतलायस रे. गोफसुद्धा." मग कार्ड हातोहात फिरलं, मागोमाग पाकीटही. माणसं राणीकडे बघून गप्प होत, आणि खालच्या चुकलेल्या वर्षाला हसत. आयुष्यात एकदाच माझ्या हाती अस्सल वस्तू लागली होती, आणि ती मी नकली म्हणून खपवत होतो.

पाकीट फिरत फिरत गॉर्डन पिलिंगच्या हाती गेलं. गॉर्डन आमचा पोस्टमन, मागच्या वर्षीच निवृत्त झालेला. टाळेबंदीत हेच पाकीट विनीबाईंच्या पायरीवर ठेवून, दार वाजवून, सहा फूट मागं उभा राहिलेला तो माणूस. मी विसरलो होतो. त्यानं पाकीट उलटलं, टपालाची मोहोर बघितली, परत सुलटलं.

खोलीच्या पलीकडून विनीबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलले, आवाज नाही. "वॉल्टरसाठी."

गॉर्डनची आई तीस वर्षं मागावर होती. त्यानं ते वाचलं.

"काय म्हणतोस, गॉर्डन?" मॉरीननं विचारलं. "तुझ्या हातून एवढी टपालं गेली. ओळखलं असतंस का?"

"लांबून फसलो असतो," तो म्हणाला. "पण मोहोर जरा वाकडी मारलीय यानं." आणि पाकीट फळीवर नीट, कार्डाला टेकवून ठेवलं.

संध्याकाळपर्यंत कार्ड तिथंच होतं. सगळे गेल्यावर मी ते डब्यात ठेवायला उचललं.

"असू दे," विनीबाई म्हणाल्या.

पुढच्या मार्चमध्ये त्या गेल्या. शवपेटीत त्यांच्या हातात "तुझं कार्ड" ठेवायचा हट्ट मॉरीनचाच. दगडावरच्या मोकळ्या जागेत २०२३ कोरलं गेलं. १९२२, रेघ, २०२३. वॉल्टरच्या नावाखाली छान बसलंय, कुणाचा शब्द खाली पडलेला नाही. राणीकडच्या नोंदीत खरं वय होतं, पण सत्तर वर्षांत जिनं मनातलं कुणाला कळू दिलं नाही, ती हे काय सांगणार.

अधूनमधून मी आणि गॉर्डन फुलं घेऊन तिथं जातो आणि बाकावर बसतो. मागच्या रविवारी तो बराच वेळ दगडाकडे बघत होता.

"ते कार्ड खरं होतं," तो म्हणाला.

"होतं."

"मग मी विचार करतोय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो हत्तीही..."

मी नव्या नाण्यावरचा राजा खिशात चाचपला. अजून हाताला सवय नाही त्याची.

"टोप्या दोन होत्या," मी म्हणालो. "एक मी लपवली होती इतकी वर्षं."